चाओफ्राया बोदिनदेचा: नायक की खलनायक?

तुमचा प्रश्न असा आहे: बँकॉकमध्ये बोदिनदेचा या एकोणिसाव्या शतकातल्या सयामी (म्हणजे आजच्या थायलंडच्या) सेनापतीच्या नावाने नामांकित शाळा आहे, पण लाओसच्या सहलीत गाईडने त्याच माणसाला ‘आमचं शहर जाळणारा’ म्हटलं. मग खरं काय समजायचं?

दोन्ही खरं आहे. शिवाय कंबोडियातल्या उदोंग या जुन्या राजधानीत तिथल्या राजाने याच माणसाचा पुतळा घडवून घेतला होता. एकाच माणसाला तीन शेजारी देश तीन तऱ्हांनी ओळखतात. त्यामुळे ‘नायक की खलनायक’ यापेक्षा तो नेमकं काय करत होता, हे बघितलेलं बरं.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं बँकॉकमध्ये काढली आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. रणांगणावरचा सेनापती म्हणून तो बरा होता, थोर नव्हे. व्हिएतनामी आरमाराकडून त्याने सपाटून मार खाल्ला. त्याचा हातखंडा होता तो माणसं हलवण्यात. गावंच्या गावं उचलायची आणि शेकडो मैलांवर नेऊन वसवायची. पुढे म्हातारपणी त्याने एकाच जागी वर्षानुवर्षं ठाण मांडून शत्रूला तडजोडीवर आणलं, ती त्याची दुसरी कला.

त्याचं मूळ नाव सिंग. जन्म १७७७चा. ब्रह्मी सैन्याने १७६७मध्ये अयुथ्या ही सयामची जुनी राजधानी बेचिराख केली होती, आणि बँकॉक राजधानी झाली १७८२मध्ये. म्हणजे हा मुलगा नव्या राजधानीबरोबरच वाढला. बाप पिन हा दरबारात चाओफ्राया या वरच्या पदवीपर्यंत चढलेला, त्यामुळे पोराचाही राजवाड्यात लवकर शिरकाव झाला. सयामचा राजा दुसरा राम याच्या काळात तो एकदा तुरुंगातही गेला. हकिगत अशी सांगतात की दाट धुक्यात त्याची नाव चुकून राजाच्या नावेला आडवी गेली. त्याला सोडवलं एका राजपुत्राने, आणि तोच राजपुत्र १८२४मध्ये तिसरा राम म्हणून गादीवर आला. सिंगचं नशीब इथून उघडलं, आणि मरेपर्यंत तो त्या एका राजाचा माणूस राहिला.

आता लाओसचं प्रकरण. इथे जरा थांबावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

त्या काळी विएंतियानचं (आजच्या लाओसची राजधानी) लाओ राज्य बँकॉकचं मांडलिक होतं. तिथला राजा अनुवोंग तरुणपणी सयामच्या बाजूने ब्रह्मी लोकांशी लढलेला, बँकॉकच्या दरबारात वावरलेला. १८२५मध्ये दुसऱ्या रामाच्या अंत्यविधीसाठी तो बँकॉकला आला आणि त्याने मागणी केली की पूर्वी सयामी फौजांनी धरून आणलेले आमचे लाओ लोक परत द्या. बँकॉकने नकार दिला. त्याच्याबरोबर आलेल्या लाओ माणसांना तर इथे अंगमेहनतीच्या कामांना जुंपलं. वर कोरातच्या, म्हणजे आजच्या ईशान्य थायलंडमधल्या पठारावरच्या लाओ वस्त्यांमध्ये सयामी अधिकारी माणसांच्या मनगटांवर गोंदण करत फिरत होते. वेठबिगारीसाठी कोण कोणाच्या हिशेबात, याची ती नोंद. म्हणजे अनुवोंगच्या डोळ्यांदेखत त्याची माणसं दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होती.

हे नीट लक्षात घ्या, नाहीतर बोदिनदेचाची अख्खी कारकीर्द निव्वळ क्रौर्य वाटेल. त्या भागात जमीन वारेमाप होती आणि हात थोडे. राजाची श्रीमंती मोजायची ती त्याच्याकडे नांगर धरणारे, कालवे खणणारे आणि भाला उचलणारे किती, यावरून. जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवण्यापेक्षा तिथली माणसं आपल्याकडे आणणं जास्त फायद्याचं होतं. हे सयामी करत, ब्रह्मी करत, आणि अनुवोंगही तेच करायला निघाला होता.

१८२६मध्ये ब्रह्मदेश इंग्रजांकडून हरला. आपल्याकडे पेशवाई बुडून तेव्हा आठ वर्षं झाली होती. इंग्रजांचा दरारा आता ब्रह्मदेशापलीकडेही पोहोचला होता. त्यांचा वकील हेन्री बर्नी तहासाठी बँकॉकला आला, आणि इंग्रज बँकॉकवर हल्ला करणार अशी आवई उठली. अनुवोंगने ती उचलली. १८२७च्या सुरुवातीला तो फौज घेऊन निघाला आणि वाटेतल्या ठाण्यांना सांगत गेला की मी इंग्रजांविरुद्ध बँकॉकच्याच मदतीला चाललोय. ठाणेदारांनी वाट दिली, काहींनी तांदूळही दिला. कोरातचा सुभेदार बाहेरगावी गेला होता, तेवढ्यात शहर घेतलं आणि तिथल्या रहिवाशांना हाकत उत्तरेकडे चालवलं. वाटेत त्या कैद्यांनीच उठाव केला. त्यात उपसुभेदाराची बायको मो पुढे होती असं थाई परंपरा सांगते. कोरातच्या भर चौकात १९३४पासून तिचा पुतळा आहे आणि लोक तिला नवस बोलतात.

पण गंमत अशी की इंग्रजांनी ब्रह्मदेशाला जखडल्यामुळे बँकॉकला पश्चिमेची चिंताच उरली नव्हती. सगळी फौज पूर्वेकडे वळवायला ते मोकळे होते. अनुवोंगचा अंदाज इथेच साफ चुकला.

मुख्य सयामी सैन्याचा प्रमुख होता उपराजा, म्हणजे राजाखालोखालचा राजपुरुष. सिंग, ज्याला तेव्हा फ्राया रात्चसुफावदी ही पदवी होती, पूर्वेची बाजू सांभाळत होता. त्याने चंपासाक हे दक्षिणेकडचं लाओ राज्य घेतलं आणि तिथे राज्य करणाऱ्या अनुवोंगच्या मुलाला पकडलं. मे १८२७मध्ये विएंतियान पडलं, अनुवोंग व्हिएतनाममध्ये पळाला. उपराजा परतला, आणि मागची आवराआवर सिंगवर आली. त्याने बरीच माणसं मेकाँगच्या अलीकडे हलवली, पण शहर पुरतं मोडलं नाही. तिसऱ्या रामाला हे पटलं नाही. अनुवोंग निसटला, शहर उभं आहे, मग जिंकलं काय? १८२८मध्ये सिंगला पुन्हा पाठवण्यात आलं.

पुढचा प्रसंग सयामी बखरीत आहे आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात निर्णायक. ऑगस्ट १८२८. सिंगचा तळ मेकाँगच्या दक्षिण तीरावर फानफ्राओला, विएंतियानच्या बरोब्बर समोर. आघाडीची सुमारे ३०० माणसं नदीपलीकडे शहरात. अनुवोंग व्हिएतनामी वकिलांना बरोबर घेऊन परतला, जणू माफी मागून पुन्हा मांडलिक व्हायलाच आलाय. दुसऱ्या दिवशी लाओंनी त्या सयामी तुकडीवर झडप घातली. अलीकडच्या काठावरून सिंगला दिसत होतं की त्याची माणसं वाळूत धावत येताहेत आणि मदतीसाठी हात हलवताहेत. पावसाळ्यातली फुगलेली मेकाँग, पलीकडे न्यायला पुरेशा होड्या नाहीत. बघत राहण्यापलीकडे काही करता येईना. तो तळ गुंडाळून थेट यासोथोनपर्यंत मागे हटला आणि कुमक जमवू लागला.

ऑक्टोबरात बोकवान गावाजवळ त्याची गाठ अनुवोंगच्या दुसऱ्या मुलाशी, रात्सवोंगशी पडली. लढाई हातघाईवर आली. रात्सवोंगच्या भाल्याने सिंगच्या अंगावर लांबलचक जखम केली आणि तो कोसळला. त्याला वाचवायला मध्ये पडलेला धाकटा भाऊ तिथेच मारला गेला. तेवढ्यात रात्सवोंगला गोळी लागली, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं, आणि लाओ फळी फुटली. सिंग तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. जखम बांधून तो पुढे निघाला.

यानंतर विएंतियानचं जे झालं ते तुमच्या गाईडने सांगितलंच आहे. तट पाडले, घरं जाळली, बागा तोडल्या, लोक हाकलून नदीपार नेले. वाट सिसाकेत हे अनुवोंगनेच बांधलेलं मंदिर काय ते धड उरलं. ते सयामी धाटणीचं होतं आणि सैन्याचा मुक्काम तिथे होता म्हणून वाचलं, असं सांगतात. जवळजवळ ४० वर्षांनी, १८६७मध्ये फ्रेंच मोहीम मेकाँगवरून वर गेली, तेव्हा त्यांना राजधानीच्या जागी रान माजलेलं दिसलं. अनुवोंगला पकडून १८२९च्या आरंभी बँकॉकला आणलं, लोखंडी पिंजऱ्यात घालून लोकांना दाखवलं, आणि थोड्याच दिवसांत तो मेला. सिंगला बोदिनदेचा ही पदवी आणि समुहनायक हे पद मिळालं, म्हणजे राज्यातल्या सर्वोच्च दोन मंत्र्यांपैकी एक.

‘हुकूम राजाचा होता, त्याने फक्त पाळला’ असा बचाव थाई मित्रांकडून मी बऱ्याचदा ऐकलाय. मला तो अर्धाच पटतो. हुकूम राजाचा होता हे खरं. पण पहिल्या खेपेला त्याने हात राखून काम केलं होतं आणि दुसऱ्या खेपेला नाही. वाळूतले ते ३०० आणि मेलेला भाऊ यांचा हिशेब त्याने स्वतःचा म्हणूनच चुकता केला असणार, असं मला वाटतं. त्याला कागदोपत्री पुरावा नाही, ही माझी समजूत आहे.

या स्थलांतराचा परिणाम मात्र कागदावर शोधायची गरज नाही. आज थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला ईसान म्हणतात, सुमारे दोन कोटी लोक राहतात, आणि त्यातले बहुसंख्य लाओ भाषेचीच बोली बोलतात. अख्ख्या लाओस देशाची लोकसंख्या त्याच्या निम्मीही नाही. हे सगळे काही बोदिनदेचाने नेलेले नाहीत, वस्त्या आधीपासून होत्या आणि नंतरही झाल्या. पण विएंतियानचा डावा काठ रिकामा आणि उजवा काठ भरलेला, ही मांडणी त्या दोन वर्षांत पक्की झाली. नोंगखाय हे शहर तर १८२७मध्ये विएंतियानला पर्याय म्हणूनच वसवलं. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारा किंवा पपईचं सोमताम कुटणारी बाई ईसानची निघते, तेव्हा तिच्या पूर्वजांपैकी कोणीतरी त्या तांड्यात असण्याची शक्यता बरीच असते.

आता व्हिएतनाम. १८३३मध्ये सायगॉनमध्ये व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांगविरुद्ध बंड झालं आणि तिसऱ्या रामाला वाटलं, हीच वेळ. जमिनीवरून कंबोडियामार्गे बोदिनदेचा, समुद्रावरून आरमार घेऊन फ्राखलांग (व्यापार आणि परराष्ट्र व्यवहार बघणारा मंत्री) दित बुन्नाग, असा दुहेरी बेत. सुरुवात झकास झाली. नोम पेन्ह हाती आलं, किनाऱ्यावरचं हातियेन पडलं. पण १८३४च्या आरंभी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या वाम नाओ कालव्यावर व्हिएतनामी आरमाराने त्यांना अडवलं. सयामी नावा पुढे जायलाच तयार होईनात. बोदिनदेचा दितवर संतापला. जमिनीवरचे लढताहेत आणि पाण्यावरचे नांगर टाकून बघताहेत, असा प्रकार. शेवटी माघार. त्या माघारीत वाटेवरच्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन लोकांनीच सयामी तुकड्यांवर हल्ले केले, कारण आदल्या महिन्यांत त्यांनाही हाकून नेण्याचा उद्योग चालला होता. विएंतियानला जमलेला डाव इथे अंगाशी आला.

एक मजेची गोष्ट सांगतो. तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीची जी अधिकृत बखर आपण आज वाचतो, ती लिहिणारा खाम बुन्नाग हा याच दितचा मुलगा. तरीही आरमाराचा कच्चेपणा बखरीत दिसतो, म्हणजे प्रत्यक्षात तो केवढा असेल!

या पराभवानंतरचा बोदिनदेचा मला जास्त आवडतो. तो बँकॉकला येऊन बसला नाही. कंबोडियाच्या सीमेवर बत्तंबांग हे सयामच्या ताब्यातलं ठाणं होतं. तिथे त्याने तट बांधून घेतले आणि मुक्कामच ठोकला. तिकडे व्हिएतनामने कंबोडिया जवळपास गिळला होता. आंग मेय या तरुण राजकन्येला नावापुरती राणी करून कारभार व्हिएतनामी सेनापती बघत होता. ख्मेर अधिकाऱ्यांना व्हिएतनामी पेहराव, व्हिएतनामी पद्धती. १८४०मध्ये त्या राणीलाच अटक करून नेलं, आणि देशभर बंड उसळलं.

बोदिनदेचाने तोवर वाट पाहिली. या खेपेला त्याच्याजवळ फौजेपेक्षा मोलाचं एक माणूस होतं: आंग दुओंग, मरण पावलेल्या ख्मेर राजाचा भाऊ, ज्याचं अर्धं आयुष्य बँकॉकमध्ये गेलं होतं. त्याला पुढे करून तो कंबोडियात शिरला. आता लोक सयामी सैन्याबरोबर नव्हे, आपल्या राजपुत्राबरोबर उभे राहत होते. १८४१मध्ये मिन्ह मांग वारला आणि व्हिएतनामी फौजा नोम पेन्हमधून निघून गेल्या. १८४५मध्ये त्या परत आल्या, नोम पेन्ह घेतलं, उदोंगला वेढा घातला. बोदिनदेचा आत होता. कोणालाच निकाल लावता येईना. दोन्हीकडे धान्य संपत आलेलं, रोगराई पसरलेली.

वर्षअखेरीस बोलणी झाली. ठरलं असं की आंग दुओंग राजा होणार, खंडणी बँकॉकलाही पाठवणार आणि ह्युए या व्हिएतनामी राजधानीलाही, आणि व्हिएतनाम पकडून नेलेल्या राजस्त्रिया परत करणार. १८४८मध्ये उदोंगला राज्याभिषेक झाला, दोन्ही दरबारांच्या मान्यतेने. ज्याने आयुष्याच्या पूर्वार्धात एक राजधानी नकाशावरून पुसली, त्याच माणसाने उत्तरार्धात एक मोडलेलं राज्य पुन्हा उभं करून दिलं. अर्थात ख्मेरांवरच्या मायेपोटी नव्हे. मध्ये एक जिवंत कंबोडिया असणं सयामच्या सोयीचं होतं. आंग दुओंगच्या मुलांना बँकॉकच्या दरबारात ओलीस म्हणूनच ठेवलं होतं. ही व्यवस्था १८६३मध्ये फ्रेंच येईपर्यंत टिकली.

कंबोडियातून परततानाही त्याला चैन नव्हती. १८४८मध्ये छाछोंगसाओ भागात साखर कारखान्यांवरच्या चिनी मजुरांच्या गुप्त मंडळ्यांनी बंड केलं होतं. त्याची फौज वाटेतच होती, तिने तेही दडपलं. बँकॉकला पोहोचून वर्षभर झालं नाही तोच शहरात पटकीची साथ आली. १८४९च्या जूनमध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, भाल्याने न मेलेला माणूस पटकीने गेला. दोन वर्षांनी मरताना तिसरा राम म्हणाला म्हणतात की व्हिएतनाम आणि ब्रह्मदेशाशी युद्धं आता संपली, यापुढे जपायचं ते पाश्चात्त्यांना. त्या संपलेल्या जगातला हा शेवटचा मोठा सेनापती.

तुम्ही लाओस बघून आलात, आता बँकॉकला जाणार असाल तर तीन गोष्टी बघा. आपली बरीच मंडळी प्रतुनामच्या हॉटेलांत उतरतात. तिथे धक्क्यावर जो काळ्या पाण्याचा साएनसाएप कालवा आहे, तो १८३७ ते १८४० या काळात खणला, बोदिनदेचाच्या पूर्वेकडच्या आघाडीला माणसं, दारूगोळा आणि तांदूळ पोहोचवण्यासाठी. त्यावरची प्रवासी बोट पकडा, आणि पाणी उडतं तेव्हा बाजूची ताडपत्री ओढून घ्या. शेजारचा प्रवासी तुमच्याकडे त्याच अपेक्षेने बघत असतो. दुसरं म्हणजे चायनाटाउनमधलं वाट चक्रवात. हे देऊळ बोदिनदेचाच्या आश्रयाखालचं. लाओसमधून आणलेली फ्राबांग ही पूज्य मूर्ती इथे ठेवली होती, ती चौथ्या रामाने १८६७मध्ये लुआंग प्राबांगला परत केली. उदोंगच्या पुतळ्यावरून केलेला त्याचा बसलेला पुतळाही इथेच आहे, आणि आवारात मगरींचा एक डबकेवजा हौद आहे, त्याचा इतिहासाशी काही संबंध नाही पण मुलं बरोबर असतील तर उपयोगी पडतो. तिसरी ती शाळा, वांग थोंगलांग भागातली. १९७१ची आहे, आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघा.

आणि पुन्हा विएंतियानला जाणं झालं तर मेकाँगच्या काठावरच्या बागेत अनुवोंगचा भव्य पुतळा आहे, २०१०मध्ये उभारलेला. एका हातात तलवार, दुसरा हात नदीपलीकडे थायलंडच्या दिशेने पुढे केलेला. तो हात कशासाठी, यावर दोन्ही देशांत वाद घालणारे भरपूर आहेत. कोणी म्हणतं मैत्रीचा, कोणी म्हणतं आमची माणसं परत द्या. १८२५ची मागणी बघता मला दुसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो.